दरीवरची बैठक

सोलापूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी उभी हयात घालवली. अक्कलकोटची गाडी कुठं लागते, माळशिरसची कधी सुटते, हे जगाला सांगितलं आणि स्वतः मात्र सासुरवाडीच्या केम गावापलीकडं फारसा गेलो नाही. त्या खिडकीनं मला एक खोड लावली. ‘माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. ठाऊक नसलं तरी हा हणमंतराव कुठंतरी बोट दाखवणारच.

निवृत्त झाल्यावर लेकीनं, धम्मप्रियानं, आम्हा दोघांना ऑस्ट्रेलियाला बोलावलं. पर्थ शहरात ती नर्स आहे. सप्टेंबरात तिकडं वसंत असतो.

“बाबा, कालबारीला जाऊ. समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान आहे,” ती म्हणाली.

उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं कारंजं, बाकडी आणि भेळवाला आला. मी इस्त्रीची पांढरी पँट आणि कोल्हापुरी चप्पल चढवून गाडीत बसलो.

दिवसभर गाडी उत्तरेकडं पळत होती. दोन्ही अंगांना पिवळी, पांढरी, गुलाबी फुलं पसरलेली. माझी बायको मीना काचेला नाक लावून बसली होती.

“आवो, कसली फुलं ही?”

“करडई,” मी म्हणालो. “इकडची जात.”

“बाबा, ही कुणी पेरलेली नाहीत. रानफुलं आहेत.”

“मग रानकरडई.”

लेकीचे खांदे तेवढे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानात उतरलो. कारंजं नव्हतं. लाल माती, खुरटी झुडपं आणि माशा. धम्मप्रियानं टोपीवरून घालायची जाळी पुढं केली. मी हात झटकला. “आमी सोलापूरचे! आमाला ऊन आन् माशा शिकवू नका.” मीनानं मुकाट्यानं जाळी घातली. मध काढायला निघाल्यासारखी दिसत होती. मी तिला हसायला तोंड उघडलं आणि एक माशी थेट घशात गेली. त्यानंतर मी तोंड मिटूनच चाललो.

“माशा चांगल्या हायेत की हितल्या,” मीना म्हणाली.

पुढं दरीच्या कडेवरून एक लोखंडी सज्जा हवेतच पुढं काढलेला होता. सगळे त्यावर जात होते. मीही ऐटीत निघालो. थोडं चाललो आणि पायाखाली पाहिलं. जमीन संपून जाळी सुरू झाली होती. जाळीच्या भोकांतून दिसत होती पार खाली एक नदी, धाग्याएवढी. माझे पाय कुणा परक्या माणसाचे झाले. कठडा दोन हातांवर होता, पण तिथवर जायचं कुणी? मी होतो तिथंच मांडी घातली आणि डोळे मिटून घेतले.

लोक मला वळसा घालून जाऊ लागले. एक गोरी आजी वाकून म्हणाली, “आर यू ओके?”

“व्हेरी नाइस,” मी म्हणालो. डोळे मिटलेलेच.

मीना एव्हाना पार टोकाला पोचली होती. लिफ्टमध्ये घाबरणारी ही बाई. परत आली, म्हणाली, “उठा की.”

“बरं वाटतंय हितं.”

ती हसेल असं वाटलं होतं. ती पदर सावरून माझ्या शेजारी बसली. “उटू नका. पन डोळं तर उघडा. येवढ्या लांब आलोय. दगडाचं थर बगा कसं लागलेत, भाकरीची चवड रचल्यागत. एक तांबडा, एक पांढरा.”

मी एक डोळा किलकिला केला. खरंच चवड होती. कुणीतरी भला मोठा डोंगर सुरीनं कापून ठेवला होता आणि तळाशी पाणी चमकत होतं. दुसराही डोळा आपसूक उघडला.

“कुटली वो ही नदी?”

बोट दाखवायला हात उचलला असता, पण दोन्ही हातांनी जाळी धरली होती.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“मलाबी न्हाय. पोरीला इचारू.”

मर्चिसन, असं लेकीनं नंतर सांगितलं. जमिनीवर परत यायला मी गुडघ्यांचा वापर केला. पँटचे गुडघे लाल झाले. जमिनीला लागल्यावर मी तसाच थोडा वेळ राहिलो, कारण नाकापुढं वाळूत नखाएवढी निळी फुलं होती. उभ्यानं दिसलीच नसती. मीनाला हाक मारली. तीही बसली. दोघं म्हातारे ओणवे होऊन फुलं बघतोय म्हटल्यावर आणखी दोघंतिघं वाकली. मला परत थोडा मोठेपणा आला.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. तिथंही उंच कडे होते. मी गाडीजवळून समुद्र बघितला. मोठा होता, तिथूनही दिसला.

धम्मप्रियानं माझा सज्ज्यावरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाच. मांडी घातलेली, डोळे मिटलेले, मागं अख्खी दरी. पर्थला घरी परतलो तसा केमहून मेव्हण्याचा, प्रभूचा, फोन आला.

“दाजी, पार तितं जाऊन ध्यानाला बसलाव व्हय? लई भारी!”

मी मीनाकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती, वर बघेना.

“व्हय,” मी म्हणालो. “लई शांत वाटलं.”

परातीतलं पीठ उडेपर्यंत मीना हसली.