गच्ची हातची जाऊ नये म्हणून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुजाताला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. कुणी दगावलं नाही, कुणी तक्रार केली नाही. मग सांगायचं काय? तेच सांगायचंय, पण एकदम जमेल असं वाटत नाही. थोडं फिरून येऊ द्या.

नाशिकच्या एका दैनिकात मी शहराचं पान सांभाळायचो. महापालिका, रस्ते, पूल, अतिक्रमणं. सुजाताला दोह्यात गॅस कंपनीत नोकरी लागली तेव्हा राजीनामा देऊन तिच्यामागे आलो. ती ऑफिसात, मुलगी शाळेत आणि मी घरी. सवय सुटेना, म्हणून इथल्या आपल्या लोकांच्या मासिकात एक सदर लिहायला लागलो. शहरात नवीन काय बांधलं जातंय, एवढाच विषय. मतं नाहीत, मुलाखती नाहीत. जे दिसलं ते, तारखेसह.

आणि दिसायला खूप होतं. नाशिकमध्ये एकाच पुलाचं भूमिपूजन मी तीन वेळा कव्हर केलं होतं, दर वेळी पाहुणे वेगळे. इथे एखाद्या महिन्यात खड्डा दिसायचा, आणि सुट्टीवरून परत यावं तर तिथे पाच मजले. पण मला वेगाचं तितकं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते विचाराचं. शहराच्या मध्यातला मुशैरिबचा जुना भाग पाडून नवा बांधला, तेव्हा गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या — एका इमारतीची सावली दुसरीवर पडावी, समुद्राकडचा वारा आत शिरावा म्हणून. भर उन्हाळ्यात तिथून चालताना मला आजही वाटतं, ही जागा आखणारा माणूस स्वतः कधीतरी दुपारी पायी चालला असणार.

त्याच भागाच्या कडेला एक सभागृह उभं राहत होतं. फार मोठं नव्हे. पण त्याची पश्चिमेची अख्खी भिंत दगडी जाळीची होणार होती. कापलेले दगड ट्रकमधून यायचे, क्रेनने उचलायचे, आणि वर दोन माणसं ते हाताने जागेवर बसवायची. आठवड्याला जेमतेम एक ओळ. मी ठरवलं, पायाच्या खड्ड्यापासून शेवटच्या दगडापर्यंत दर शुक्रवारी एक फोटो काढायचा. एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, एकाच वेळी. जागा हलली तर मालिकेला अर्थ नाही.

ती जागा होती रोहिणीवहिनींची गच्ची.

वहिनी आणि दिलीपराव मूळचे चिपळूणचे. दिलीपराव एका कंत्राटदाराकडे गोदामाचे हिशेब बघायचे. वहिनी सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळच्या एका शिवणाच्या दुकानात इथल्या बायकांच्या काळ्या अबायांच्या बाह्यांवर मणीकाम करायच्या. मुलं पुण्यात शिकायला. सभागृहासमोरच्या रस्त्यावर त्यांची जुनी चार मजली इमारत, लिफ्ट कायम बंद. गच्चीला कुलूप, आणि किल्ली खालच्या नातूरकडे — इथे रखवालदाराला नातूर म्हणतात. तो कुणाला वर सोडत नसे. वहिनींनी मात्र त्याच्याशी काय बोलणी केली होती कोण जाणे, एक किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्या वर पापड वाळत घालायच्या. धूळ बसू नये म्हणून त्यावर जुनी मलमलची साडी.

दर शुक्रवारी दुपारी मी त्यांची बेल वाजवायचो. आधी चहा, मग किल्ली.

"भावोजी, एवढं बघत नका जाऊ त्या भिंतीकडे," त्या म्हणायच्या. "दृष्ट लागून एखादा दगड निखळायचा."

आणि दिलीपराव आतून, "अगं, बघू दे. घरी भिंतीकडेच बघत बसलेले असतात."

वहिनींना गाडी चालवता येत नव्हती. दोह्यात त्याचा अर्थ काय, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. नवरा मोकळा होईपर्यंत बाई घरात. वहिनींचं तसं नव्हतं. दुकान पायी दहा मिनिटांवर. इथली दुकानं सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. त्या दोन्ही वेळा चालत जायच्या, मधे घरी येऊन जेवायच्या. मासळी स्वतः आणायच्या, मसाला सूकमध्ये स्वतः निवडायच्या. इथल्या आपल्या बायकांमध्ये हा त्यांचा तोरा होता. "मी कुणाच्या गाडीत बसायला थांबत नाही," असं त्या जरा मोठ्यानेच म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

हे इतकं सविस्तर का सांगतोय? कारण मला हे सगळं माहीत होतं. जे केलं ते माहीत असून केलं.

जाळी अर्ध्याच्या वर गेली होती तेव्हाची गोष्ट. संदीप नावाचा एक सर्व्हेअर ओळखीचा झाला होता, सिन्नरचा. साइटच्या बाहेर चहा पिताना तो सहज म्हणाला, "तुमची ती फोटोची गच्ची जाणार हां आता. नव्या ड्रॉइंगमध्ये तिथे चौक दाखवलाय. झाडं, बाकं. बिल्डिंग नाहीच."

कधी, असं मी विचारलं. उन्हाळ्याच्या आधी, असं तो म्हणाला.

बातमीदाराने काय करावं? खात्री करावी. मी केली. एका माणसाच्या सांगण्यावर बातमी करायची नाही, हा आमचा पहिला धडा. त्या रस्त्यावर पाण्याच्या जोडण्यांचं काम बघणारा एक इंजिनिअर सुजाताच्या ओळखीचा होता. त्याला वेगळंच काही विचारल्यासारखं करून विचारलं. त्यानेही तेच सांगितलं — ती रांग पूर्ण खलास, जोडण्या तोडायचं वेळापत्रक आलंय. दोन माणसं, दोन वेगळी खाती, एकच माहिती. नाशिकला मी एवढ्यावर पहिल्या पानाची बातमी दिली असती.

इथे दिली नाही. पुढच्या महिन्याचं सदर मी विमानतळाच्या रस्त्याकडेच्या झाडांवर लिहिलं.

म्हणजे नुसता गप्प राहिलो का? तेवढंच असतं तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो. गप्प राहण्याला कारणं सापडतात. माहिती अधिकृत नव्हती, बोललो तर संदीपची नोकरी अडचणीत आली असती — ही दोन्ही कारणं मी तयार ठेवली होती. ती वापरायची वेळच आली नाही, कारण वहिनींनी सरळ विचारलं.

शुक्रवार होता. मी कॅमेरा लावून प्रकाशाची वाट बघत होतो, वहिनी पापड गोळा करत होत्या. मागच्या गल्लीतली एक मल्याळी नर्स कायमची गावी चालली होती. तिचं घर वहिनींना मिळत होतं. भाडं थोडं जास्त, पण दुकान तेवढंच जवळ. घरमालकाला आठवड्यात उत्तर हवं होतं. दिलीपराव म्हणत होते, चांगलं चाललंय तर हलायचं कशाला?

"तुम्ही बातमीतले," वहिनी म्हणाल्या. "ह्या आमच्या बिल्डिंगचं काही ऐकलंय का? लोक काहीबाही बोलतात. असलं तर आत्ताच हललेलं बरं."

त्या हलल्या असत्या तर किल्ली नातूरकडे गेली असती. जाळीच्या वरच्या ओळी बाकी होत्या. मला अजून सात-आठ शुक्रवार हवे होते.

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. म्हणालो, "माझ्या कानावर तरी काही नाही, वहिनी." आणि इथेच थांबलो नाही. पुढे म्हणालो, "ही बाजू अजून दोन-तीन वर्षं कुणी हात लावायची नाही."

दोन-तीन वर्षं. हे कुठून आलं? कुठूनच नाही. आकडा दिला की माणसं निर्धास्त होतात, हे मी शहराच्या पानावर शिकलो होतो. वापरलं ते इथे.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "मी नको म्हणून कळवते तिला." आणि पापडांचा डबा घेऊन जिना उतरल्या.

तो फोटो मालिकेतल्या उत्तम फोटोंपैकी आहे. उन्हाची तिरीप नुकतीच वरच्या भोकांतून आत शिरली आहे.

इमारत खाली करायची नोटीस आली तेव्हा शेवटची ओळ बसायची होती. नियमाप्रमाणे महिन्याची मुदत होती, आणि घरमालकाने ती पूर्ण दिली. पण त्या भागात त्या महिन्यात त्यांना परवडेल असं घर मिळालं नाही. सगळी रांगच घरं शोधत होती. नर्सच्या घरात कधीच दुसरं बिऱ्हाड आलं होतं. वहिनी आणि दिलीपराव लांब अबू हमूरला गेले, एका व्हिलाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. सामान हलवायला मी गेलो होतो. शिवणाचं मशीन मीच उचलून आत ठेवलं.

तिथून दुकान दिवसातून दोनदा गाठणं शक्य नव्हतं. एक महिनाभर त्यांनी प्रयत्न केला. दिलीपराव सकाळी सोडायचे. दुपारी दुकान बंद असताना वहिनी सूकमधल्या एका बाकावर डबा खाऊन तिथेच बसून राहायच्या. परत यायला रात्र व्हायची. मग त्यांनी काम सोडलं. मणीकामाची ती छोटी चौकट कपाटावर गेली. भेटलो की त्या हसायच्या, चहा करायच्या. पण सुजाताला फोन करून "शुक्रवारी बाजारात जाणार असाल तर मला न्याल का" असं विचारायला लागल्या. आवाज मोठा नसायचा.

एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना दिलीपराव म्हणाले, "भावोजींनी सांगितलं नसतं तर ते घर घेतलं असतं आपण." रागाने नाही, आमटीत भात कालवता कालवता. वहिनींनी त्यांना थांबवलं. "त्यांना तरी कुठे माहीत होतं? ह्यांना कळलं नाही म्हणजे कुणालाच कळलं नसणार." सुजाताने माझ्याकडे बघून मान हलवली — बघ, किती विश्वास आहे. मी कोशिंबीर वाढून घेतली.

पुढे सगळीकडे हाच दाखला झाला. इमारतीचा विषय निघाला की वहिनी सांगायच्या, एवढं अचानक झालं की आमच्या पेपरवाल्या भावोजींनाही पत्ता नव्हता. माझं खोटं त्या वापरत होत्या, मला वाचवायला.

मालिका पूर्ण झाली. शेवटच्या दगडाचा फोटो मी नोटिशीची मुदत संपायच्या आदल्या शुक्रवारी काढला, रिकाम्या घरात वहिनींनी माझ्यासाठी ठेवलेली किल्ली घेऊन. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे फोटो ओळीने लावले. लोकांनी फार वाखाणले, आणि मला आवडलं, तेही सांगतो. वहिनी कुणाच्यातरी गाडीतून आल्या होत्या. प्रत्येक फोटोपुढे थांबत गेल्या. म्हणाल्या, "सुंदर झालंय हो. आपल्या गच्चीवरून एवढं दिसायचं? मी मेली पापडच बघत बसले."

मागच्या महिन्यात दिलीपराव निवृत्त झाले आणि दोघं कायमचे चिपळूणला गेले. जायच्या आठवड्यात वहिनींचा मला फोन आला. सुजाताला नाही, मला. "जायच्या आधी एकदा तो चौक दाखवाल? माझ्याच्याने तिकडे जाववलं नाही इतक्या वर्षांत."

मी घेऊन गेलो. संध्याकाळ होती. झाडं चांगली वाढली आहेत, खाली फरशीतून बारीक पाणी वाहतं, मुलं त्यात पाय घालून बसतात. पलीकडे जाळीतून सभागृहातले दिवे दिसत होते. चौक खरोखर सुरेख आहे; हे मी तेव्हाही लिहिलं होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. वहिनी हळूहळू चालत गेल्या, झाडांना हात लावत. मग एका बाकावर बसल्या आणि अंदाज घेऊन म्हणाल्या, "इथे कुठेतरी माझा ओटा असणार." काही वेळ मुलांकडे बघत राहिल्या.

"छान केलंय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यासाठी गेलं असेल तर जाऊ दे." आणि मग, माझ्याकडे न बघता, सहज, "तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

मी म्हणालो, "हो."

त्या उठल्या. मी गाडी आणली आणि त्यांना अबू हमूरला सोडलं.