न लावलेला दुधी

माझे सासरे नाना रोज सकाळी चहाच्या आधी खुरपी घेऊन अंगण तपासत. कारखान्यात जन्मभर तपासणीचंच काम केलेला माणूस. भांड्यांच्या पाण्याबरोबर गेलेल्या बीचा टोमॅटो, कोपऱ्यातलं मिरचीचं रोप, जे आपोआप आलं ते उपटलं जायचं. "मी लावलं नाही, मग हे इथं काहून उगवून राहिलं?" असं ते त्या रोपालाच विचारत. आमच्या राइट टाउन वस्तीत बाकीचे लोक अशी रोपं कौतुकानं वाढवतात.

मला हा माणूस आवडला नाही, आणि आता गेला म्हणून आवडतो असंही नाही. प्रशांतशी कोर्टात लग्न करून मी या घरी आले, तेव्हा दारातच ते शेजारणीला म्हणाले, "आम्ही नाही आणली जी, ही आपली आपणच आली." पुढे बारा वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी समोर उभी असले तरी "सूनबाईला सांग" असा निरोप प्रशांतकडे जायचा.

एका पावसाळ्यात न्हाणीघरामागे दुधीचा वेल आला. मी तो पत्र्यावर चढवला. नानांनी पाहिला, पण उपटला नाही. मी हुरळले. या घरात एक तरी गोष्ट माझ्या हातची होईल म्हणून पहिला दुधी महालक्ष्मीच्या नैवेद्याला राखून ठेवला.

त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी दुधी चिरायला घेतला, तेवढ्यात नाना आले, देठाकडची चकती कापली आणि तोंडात टाकली. नैवेद्याच्या भाजीचं आमच्याकडे मीठसुद्धा चाखत नाहीत, आणि यांनी ती उष्टी केली. सगळ्या बायकांसमोर मोरीत थुंकले.

"कडू आहे. फेकायला सांग तिला," असं प्रशांतला म्हणाले आणि निघून गेले.

मला तो शुद्ध डाव वाटला. दुधी मी न चाखताच फेकला, कारण त्यांचं उष्टं मी तोंडात घालणार नव्हते. पुढे सात महिन्यांनी ते गेले. आजारपणात मी औषध दिलं, पाणी दिलं, पण त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पत्र्यावर राहिलेला एक दुधी वाळून फुटला होता. पुढच्या पावसाळ्यात त्याचे वेल आले, तसे मी मुद्दाम वाढवले. पहिला दुधी हाताशी येताच चकती कापून जिभेवर ठेवली. जहर होतं. चार चुळा भरल्या तरी तोंड कडूच. असा दुधी पोटात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. आदल्या वर्षी महालक्ष्मीच्या वेळी माझी मुलगी पाच वर्षांची होती, आणि नैवेद्याचं पहिलं पान तिलाच वाढणार होते मी.

म्हणजे ते खरं बोलत होते. मग एक चकती माझ्या हातावर ठेवून, नाव घेऊन, चाखून बघ म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? एवढंही जमलं नाही त्यांना.

त्यांच्याच खुरपीनं मी ते वेल मुळासकट काढले. बाकी टोमॅटो, मिरची, जे उगवेल ते उगवू देते. दुधी, काकडी आली की देठाकडची चकती मी आधी चाखते, आणि दुसरी मुलीच्या हातावर ठेवते. नानांना मात्र मी माफ केलेलं नाही.