पहिला वाटा

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि आई मला पाटावरून उठू देत नव्हती. "आंधी जेव, मंग जाय." सुमन, तूच वाढत होतीस. भाकर मी पाण्याच्या घोटाबरोबर संपवत होते. माझा लेक मिलिंद सारखा घड्याळ बघत होता, नागपूरचं विमान चुकेल म्हणून. आईला आता नीट दिसत नाही, तरी तिनं माझ्या ताटावरून हात फिरवून पाहिला. ते रिकामं लागलं, तेव्हाच मला सोडलं.

फोनवर मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. लेक-सून शेजारी असले की माझं तोंडच उघडत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, माहीत नाही.

इथे अमेरिकेत, नोव्हायला, सगळं ठीक होतं. मीसुद्धा आता 'हीटर लो कर', 'ग्रोसरी आणायची आहे' असं म्हणते. आपल्या गावी हरणाचा नुसता माग दिसला तरी माणसं दबकून बोलायची. इथे हरणं बॅकयार्डात येऊन स्नेहाची फुलझाडं खातात आणि ती खिडकीवर टकटक करून त्यांना हाकलते. पण मिलिंदची नोकरी म्हणजे इथे नुसता पगार नव्हे. राहायची परवानगीच तिच्यावर आहे. समोरचं पुण्याचं कुटुंब नोकरी गेल्यावर परत गेलं. त्यांच्या मुलीचा झोपाळा अजून तिथेच आहे. वारा सुटला की हलतो. मी त्या बाजूचा पडदा लावून घेते.

शनिवारी मिलिंदच्या साहेबांनी, रॉननी, आम्हाला जेवायला बोलावलं. म्हातारे आहेत, एकटेच राहतात, शिकारीचा नाद आहे. त्याच आठवड्यात त्यांनी हरीण मारलं होतं. बेसमेंटमधून त्यांनी वाइनची एक जुनी बाटली आणली. वर्षानुवर्षं आडवी ठेवलेली. सकाळपासून उभी करून ठेवली होती म्हणे, गाळ तळाला बसावा म्हणून. मग मेणबत्तीच्या उजेडात बाटलीची मान धरून ती हळूहळू काचेच्या सुरईत ओतली. गाळ मानेशी आला तसा हात थांबवला. ही रिटायर होईन त्या दिवशी उघडायची म्हणून ठेवली होती, असं ते बोलून गेले.

स्नेहानं हसून विचारलं, "मग तुम्ही रिटायर होताय?"

"छे, इतक्यात नाही," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी रोज बुद्धवंदना घेते, मद्य न घेण्याचं पाचवं शील मोडणार नाही, हे मिलिंदनं त्यांना आधीच सांगितलं होतं. माझ्यासाठी द्राक्षाचा रस होता. मिलिंदही एरवी घेत नाही, त्यांचा मान म्हणून घेतली. त्यानं ग्लास माझ्या नाकाजवळ धरला. "आई, नुसता वास घे." ओल्या पाचोळ्याचा वास होता, आणि वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा. आपल्या मागच्या रानाचा वास, सुमन. ग्लासच्या कडेला वाइनचा रंग विटेसारखा झाला होता. रॉन मांसाचा घास चावत, वर एक घोट घेत, डोळे मिटून घेत. मिलिंदही तसंच करू लागला. इतका सुखी चेहरा मी त्याचा फार दिवसांनी पाहिला.

पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. रोस्ट कापण्यापूर्वी रॉननी तव्यावर कांद्यात परतलेलं काळीज आणलं. आम्हाला कुणाला नाही, स्वतःलाही नाही. सगळं मिलिंदच्या ताटात वाढलं, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता मागे फिरले.

मी हातातला चमचा खाली ठेवला. तू तेव्हा अंगावर पीत होतीस, तुला आठवणार नाही. बाबा रानडुकराच्या शिकारीला, हाक्याला गेले होते. तेव्हा गावात रीत होती. रानात कुणाचं बरंवाईट झालं, तर शिकारीचा पहिला वाटा, काळजाचा, त्याच्या घरी जायचा. बातमी मागून यायची. दोन माणसं पळसाच्या पानातला वाटा घेऊन दारात उभी राहिली, खाली बघत. आईनं वाटा हातात घेतला. तिनं चूल पेटवली, काळीज शिजवलं, आम्हा मोठ्या भावंडांना समोर बसवलं. "आंधी जेवा." आमची ताटं रिकामी झाल्यावर ती बाहेर गेली आणि तिनं त्या दोघांना विचारलं, "कुठं ठेवलं त्यांना?"

परत येताना स्नेहा ड्राइव्ह करत होती. मिलिंद शीळ घालत होता. "बहुतेक प्रमोशन आहे. सर अशी बाटली कुणासाठी उघडत नाहीत."

"मग किचन रिनोव्हेट करायचं हं. टाळाटाळ चालणार नाही!"

"करू गं. आई, तू काही खाल्लं नाहीस?"

"पोट भरलं," मी म्हणाले. रॉननी फॉइलमध्ये बांधून दिलेलं मांस माझ्या मांडीवर होतं. अजून कोमट होतं.

रविवारभर मी बातमीची वाट बघितली. आज सोमवार. मिलिंद कामावर गेला तसं मी ते मांस बाहेर काढलं. खोबरं, खसखस भाजली, आपल्या पद्धतीचा रस्सा केला. दुपारच्या आतच गराजचं दार वर गेल्याचा आवाज आला. या वेळेला ते कधी उघडत नाही. मिलिंद हातात खोका घेऊन दारात उभा होता. खोक्यात त्याचा कॉफीचा मग आणि स्नेहाचा फोटो.

"आई, सरांनी—"

"आधी जेव."

त्यानं खोका खाली ठेवला. मग बूट काढून टेबलाशी बसला. मी वाढत गेले, तो खात गेला. शेवटचा घास झाल्यावर म्हणाला, "सगळी टीमच काढली. सांगताना सर रडले. त्यांना शनिवारीच माहीत होतं, आई."

"हो," मी म्हणाले.

आता तो आत पडला आहे, भिंतीकडे तोंड करून. आपल्याला जावं लागेल का, हे मी विचारलं नाही. सुमन, इथे कुणी तुझं घर कुठलं विचारलं की मी गावाचं नाव घेत होते. आज विचारलं तर सांगता येणार नाही. गाव लांब राहिलं, आणि हे घर किती दिवसांचं ते ठाऊक नाही. पण मिलिंद जेवत होता तेवढा वेळ मी ती बातमी दाराबाहेर उभी ठेवली होती. तेवढा वेळ हे घर होतं.

समोरचा झोपाळा हलतो आहे. स्नेहा अजून ऑफिसात आहे, तिला मिलिंदनं फोन केलेला नाही. रस्सा पुन्हा गरम करायला ठेवला आहे. तिचं ताट मांडलं आहे.