कॉयशिवाय गाणं

माझा थोरला भाऊ ऑर्बिन मँडोलिन वाजवायचा आणि खालचा सूर गायचा. त्याच वेळी वरचा सूर लावायचा आमचा चुलतभाऊ, कॉय. केंटकीतल्या आमच्या डोंगरात गाणारे घरोघरी सापडतील, पण हे दोघं गायला लागले की दोन गळे आहेत हे विसरायला व्हायचं. सकाळी रेडिओवर गायचं, मग गाडीच्या टपावर वाद्यं बांधून गावोगावच्या शाळांत कार्यक्रम करायचे.

कॉयला मुलं झाली. गाण्यावर चूल पेटेना, तेव्हा तो ओहायोत डेटनच्या कारखान्यात गेला. ऑर्बिनने अडवलं नाही. त्याने दुसरे गायक घेऊन पाहिले.

"गळा चांगला आहे गं पोराचा," घरी आला की मला सांगायचा, "पण मी कुठे वळणार ते त्याला कळत नाही."

शेवटी ऑर्बिनही गाणं सोडून कोळशाच्या खाणीत उतरला.

बऱ्याच वर्षांनी शहरातल्या पोरांना जुन्या गाण्यांचं वेड लागलं. उन्हाळी मेळे भरू लागले. एका मेळ्याने दोघांना मिळून बोलावलं. कॉयची बायको लुर्लीन फोनवर एवढंच म्हणाली, "येऊन घेऊन जा त्याला."

आम्ही बहीणभाऊ डेटनला गेलो. कॉय दारात उभा, गळ्याला रुमाल. ऑपरेशनमध्ये आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती.

"फोनवर का नाही सांगितलंस?" ऑर्बिनने विचारलं.

"फोनवर बोलू कशाने, गाढवा?"

दोघंही हसले. मग ऑर्बिन मागच्या अंगणात जाऊन किती तरी वेळ उभा राहिला.

मेळ्यातले लोक म्हणाले, वरच्या सुराला एक तरुण गायक देतो. ऑर्बिन नको म्हणाला. कॉयने गिटार धरली आणि ऑर्बिन एकटाच आपला खालचा सूर गायला. नवख्यांना ते गाणं उघडंबोडकं वाटलं असणार. कॉयचे ओठ मात्र शब्दाशब्दाला हलत होते.

परतताना गाडीत तो कुजबुजला, "शेवटच्या ओळीत घाई केलीस."

"धरून ठेवायला तू कुठे होतास?"

कॉयने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डेटन येईपर्यंत काढला नाही.

त्याच हिवाळ्यात कॉय गेला. ऑर्बिन अजून शनिवारी गावातल्यांबरोबर मँडोलिन वाजवतो. गात नाही.

एकदा मी म्हटलं, "गा की रे, लोक आस लावून बसतात."

"बसू देत," तो म्हणाला. "मीही बसलोच आहे की."