आईसाठी घेतलेला काळा प्रिंटर

आईला वाचायला मी शिकवलं. मी पहिलीत होते तेव्हा संध्याकाळी चुलीपुढे बसून ती माझी पाटी बघायची आणि मी बाईंच्या थाटात तिच्याकडून बाराखडी म्हणून घ्यायचे. 'ळ' तिला बरेच दिवस जमला नाही. धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती. हे आधीच सांगते, कारण पुढे एका प्रिंटरवरून माझा एवढा जळफळाट का झाला, ते नाहीतर कळायचं नाही.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. हे कारखान्यात होते आणि मी एका कचेरीत मराठी टायपिस्ट. कचेरीत नुकतेच कॉम्प्युटर आले होते, त्यावर मी हात बसवून घेतला होता. घरीसुद्धा आम्ही एक जुना कॉम्प्युटर घेतला. धाकटी इंजिनियर झाली, तिला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तिने औंधला फ्लॅट घेतला. आईची औषधं, तिचं पथ्य, दवाखान्याच्या रांगा हे सगळं माझ्याकडे. धाकटी रविवारी यायची, आणि ती येणार म्हणून आई शनिवारपासूनच दाराकडे बघत बसायची.

पावसाळ्यात वर्षावासाच्या काळात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका पाळीपाळीने वाचतात. आईचा आवाज खणखणीत, तिच्या पाळीला मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. पण साखरेने तिची नजर कमी झाली आणि पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी झाली. मी बाजारातून पानं मोठी झेरॉक्स करून आणायचे. ती करडी यायची, कडेच्या ओळी वाकड्या. आई म्हणायची, "राहू दे आता. दुसऱ्या वाचतील."

मग एका रविवारी धाकटी एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली. तिने घरी प्रिंटर घेतला होता आणि एक अख्खं प्रकरण स्वतः टाइप करून छापलं होतं. अक्षरं नखाएवढी मोठी. मथळे निळे. पानाच्या कोपऱ्यात पिंपळाचं हिरवं पान.

आईने फाइल उजेडात धरली आणि पहिली ओळ सलग वाचली. मग तिने शेजारणीला हाक मारली. "अगं ये, बघ तरी! माझ्या लेकीनं छापलंय. कसं झ्याक उमटलंय!"

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. चहा देताना मी एक पान पाहिलं. पहिल्याच परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या.

"तपासलं नाहीस वाटतं," मी म्हटलं.

"ताई, मराठी टाइप करायची मला कुठे सवय आहे? रात्रभर बसले होते."

"दिसतंय ते."

आईला चुकांशी देणंघेणं नव्हतं. त्या आठवड्यात तिने विहारात पुन्हा वाचलं, आणि घरी येईपर्यंत तिच्या तोंडी धाकटीचंच नाव होतं. मी तिचा हात धरून चिखलातून वाट काढत होते आणि ती मला सांगत होती की धाकटी किती हुशार निघाली.

पण आईला पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय. ती शाई पाण्याने विरघळणारी. चार दिवसांत निळे मथळे फुटले, हिरवी पानं ओघळली. शिवाय एवढ्या मोठ्या अक्षरांना शाई किती लागते याचा धाकटीने विचारच केला नव्हता. पुढचं प्रकरण अर्ध्यावर फिकं पडत गेलं. शाईची नवी डबी घ्यायला गेली तर किंमत ऐकून ती तशीच परत आली. फोनवर म्हणाली, "ताई, जवळजवळ प्रिंटरच्याच भावात शाई! पुढच्या महिन्यात बघते गं."

"असू दे, तुला कामं असतात," मी म्हटलं. फोन ठेवला आणि छान आल्याचा चहा करून एकटीनेच प्यायले.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी सदाशिव पेठेत एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरमागचे गृहस्थ पेपर वाचत होते.

"घरच्यासाठी प्रिंटर हवाय. स्वस्तातला."

"घ्यायला स्वस्त की चालवायला स्वस्त?" पेपर खाली न ठेवता त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"घ्यायला स्वस्त हवा तर तो समोरचा. शाई घेताना आमची आठवण काढाल, चांगली नाही."

मी त्यांना आईचं सांगितलं. मोठी अक्षरं, रोजची पानं, ओलं बोट. तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि फळीवरचा एक बुटका लेझर प्रिंटर दाखवला. यात शाईऐवजी कोरडी पूड असते, ती उष्णतेने कागदावर चिकटते, पाण्याने पसरत नाही, न वापरता ठेवला तरी वाळत नाही, आणि पूड संपली की त्याच डबीत भरून मिळते.

"रंगीत छापतो का?"

"काळा हा रंगच आहे, बाई."

तो समोरच्यापेक्षा महाग होता, पण मी तोच घेतला. रिक्षात मांडीवर खोकं घेऊन बसले आणि वाटेत सारखं हेच डोळ्यांपुढे येत होतं की धाकटी तो बघेल तेव्हा तिचं तोंड कसं होईल.

मी पुढची प्रकरणं टाइप केली, दोनदा तपासली. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा आईने ते हातात घेऊन गालाला लावलं. "गरम हाय की! तव्यावरनं काढल्यागत." अक्षर काळंभोर होतं. तिने बोट ओलं करून फिरवलं, काही हललं नाही.

विहारात तिने ते प्रकरण एका दमात वाचलं. वाचन संपल्यावर एकीने विचारलं, "हे कुणी छापलं?"

"माझ्या लेकीनं."

"ती औंधची?"

"हां. मोठ्या अक्षराचं पहिल्यांदा तिनंच काढलं की."

मी शेजारीच बसले होते. परतताना गप्प राहायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. "आणि मी? मी काहीच केलं नाही?"

आई थांबली. "तुझं काय सांगायचं लोकास्नी? तू तर हायेसच."

मला रडू आलं. ते समाधानाचं होतं की संतापाचं, ते आजही सांगता येत नाही.

रविवारी धाकटी आली. तिने माझी पानं चाळली, अंगठ्याने घासून पाहिली. आई आत पडली होती.

"तुझं सुंदर आलंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू तिला शिकवलंस, ताई. मी शाळेत गेले तोवर तिला सगळं येत होतं. माझ्या पाटीवरच्या ती फक्त चुका काढायची. मला वाटलं होतं, निदान हे तरी माझ्या हातून होईल."

मी तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. तिने खाल्ले. मग आम्ही उरलेली प्रकरणं वाटून घेतली. टाइप तिने करायचं, तपासायचं आणि छापायचं मी. त्यानंतर वर्षावासाच्या समारोपापर्यंत आईने आपली एकही पाळी चुकवली नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी धाकटीचा फोन आला. तिने लेझर घेतला होता, कागदाच्या दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा. "वा, छान," मी म्हटलं.

फोन ठेवून मी यांना विचारलं, "अहो, दोन्ही बाजूंनी छापणारा आपल्याला परवडेल का?"

हे जेवत होते. म्हणाले, "आई एका वेळी एकच बाजू वाचतात."