देव्हाऱ्यातले हेडफोन

आवाज अडवणारे ते हेडफोन निपाणीच्या आमच्या शाळेला कुणीतरी देणगी म्हणून दिले होते. एकच नग. मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलीला आवाज अजिबात सोसायचा नाही. घंटा झाली की ती स्वतःचा हात चावायची. हेडफोन घातले त्या पहिल्या दिवशी ती तासभर शांतपणे मणी ओवत बसली. मी वर्गाबाहेर जाऊन रडले.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते तिच्या आईकडे दिले आणि दहादा बजावलं, "जपून ठेवा, मोडले तर दुसरे मिळणार नाहीत."

पाडव्याला त्यांच्या घरी गेले. गल्लीत फटाक्यांची माळ तडतडत होती. पोरगी भिंतीवर डोकं आपटत होती आणि आई, विड्या वळायचं सूप बाजूला टाकून, तिला कवटाळून बसली होती. हेडफोन देव्हाऱ्यात होते. हळदकुंकू लावलेले.

"अहो, घालायचे सोडून पूजा कसली करताय?" मी ओरडलेच.

"तुमीच म्हणालासा न्हवं बाई, जपून ठेवा म्हणून. मोडलं तर पोरीचं काय व्हईल?"

मी ते पोरीच्या कानांवर चढवले. हळूहळू ती निवली. मला मात्र तिच्या आईकडे बघवेना. शाळेची वस्तू शाळेतच राहावी म्हणून मी रोज शाळा सुटताना तेच हेडफोन तिच्या कानांवरून काढून कपाटाला कुलूप लावत होते. आणि ती हायवेच्या कडेने, ट्रकच्या हॉर्नमधून, हात चावत घरी जात होती.