वहीतलं माप

हल्ली आमच्या दुकानातून आठवड्याला एखादी तरी नवरी मुलगी तोंड पाडून निघून जाते. दुकान सुलक्षणा पारकरचं. घाटकोपरच्या भटवाडीत, चढावर, आठ बाय दहाचा गाळा, त्यात दोन मशीन, एक आरसा आणि आम्ही दोघी. मी शर्मिष्ठा सोनवणे. तिच्याकडे अकरा वर्षं हूक-काजं आणि साडीचं फॉल-बिडिंग करते, म्हणून ‘आमचं दुकान’ म्हणायची सवय लागली आहे.

मुलगी येते, हात वर करून उभी राहते, सुलक्षणा टेप फिरवते आणि आकडा मोठ्याने सांगते. ‘कंबर अडतीस.’ मुलगी मैत्रिणीकडे बघते, मैत्रीण मोबाईलमध्ये बघते. मग मुलगी म्हणते, ‘आंटी, अजून दोन महिने आहेत ना, चौतीस धरा. मी कमी करणारे.’ सुलक्षणा म्हणते, ‘कमी झालीस की आत घेईन. आज आहेस तशी शिवते.’ पुढे बोलणं होत नाही. मुलगी विचार करून येते म्हणते आणि उतारावरच्या बुटिकमध्ये जाऊन विचार करते. मी सुईत दोरा ओवत बसते. सुलक्षणाला वाईट वाटतं का, हे मी विचारत नाही, कारण संध्याकाळपर्यंत तिची पाठ एवढी भरून आलेली असते की वाईट वाटायलाही तिच्याकडे जीव उरत नाही.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत असं नव्हतं. तेव्हा इथून एकही नवरी नाराज गेली नव्हती, आणि त्याचं कारण फक्त हातातली कला हे नव्हतं.

कला होतीच. सुलक्षणाचे वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी गेली, खोली गेली, आणि घर भटवाडीच्या टेकडीवर आलं. ही दहावी झाली, कटिंगच्या क्लासला बसली आणि तेव्हापासून जी वाकली ती अजून सरळ झालेली नाही. नवरा सीताराम पवईच्या एका कारखान्यात होता, आता गुडघे धरून घरी असतो आणि दुपारी दोनदा फोन करून विचारतो, कुकरच्या किती शिट्ट्या काढू. माणूस वाईट नाही. पण रोज तेच विचारतो.

नवऱ्या येतात त्या मोबाईलमध्ये शिकून येतात. ‘आंटी, माझा शेप पेर आहे,’ ‘माझा ॲपल आहे, मला काय सूट होईल?’ सुलक्षणा म्हणते, ‘फळांच्या गाडीवर आलीस काय गो?’ पण तिला कळतं सगळं. मुलगी उंबऱ्यातून आत येईपर्यंत तिने मनात कापड बेतलेलं असतं. खांदे उतरते असतील तर गळा रुंद नको, पाठीला दोरी बांध. दंड भरलेले असतील तर बाही कोपरापर्यंत घे, मध्येच कापलीस तर दंड अजून जाड दिसतो. कंबर जाड असेल तर ताठ सिल्क घेऊ नको, ते पोटावर फुगून उभं राहतं. अंगावरून पडणारं कापड घे, निऱ्या बारीक घाल, काठ लहान ठेव. एवढं सांगून ती वर म्हणते, ‘आणि हसत उभी राहा, आधी चेहरा दिसतो.’ हे मात्र कोणी ऐकत नाही.

कारण प्रत्येकीला एकच सांगायचं असतं: लग्नापर्यंत मी बारीक होणार. दोन इंच कमी धरा, तीन इंच कमी धरा. आणि सुलक्षणा धरायची. म्हणजे वहीत तसं लिहायची, लिहिताना मोठ्याने वाचायची, मुलगी खूश व्हायची. कापताना मात्र कापायची खऱ्या मापावर, वर आत दोन-दोन बोटं माया सोडायची, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, उद्या उसवून सैल करता येईल असं. महिन्याने मुलगी ट्रायलला यायची. ब्लाऊज बरोब्बर बसायचं. वहीत चौतीस, ब्लाऊज बसलं, म्हणजे आपण चौतीस झालो. आरशापुढे मुली अक्षरशः उजळायच्या. आईला फोन लावायच्या. एकीने तर सुलक्षणाला मिठी मारली आणि बर्फी आणून दिली.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी विचारलं होतं, ‘हे असं का करतेस?’ तर म्हणाली, ‘माझ्या लग्नातलं ब्लाऊज बघितलं नाहीस तू.’ तिच्या लग्नात आईने ब्लाऊज गावच्या शिंप्याकडे शिवायला टाकलं होतं, नमुन्याला दिलं होतं थोरल्या बहिणीचं. ते वाकताना काखेत फाटलं. दिवसभर ही पदर गच्च धरून उभी. अल्बममधल्या एकाही फोटोत तिचा उजवा हात मोकळा नाही. ‘कोणाचं असं व्हायला नको,’ म्हणाली. ‘आणि खोटं बोलून कोणाचं काय जातंय? चार दिवस खूश असतात बिचाऱ्या.’ मला पटलं. अकरा वर्षांत मला काय काय पटलं आहे.

मग माझ्या प्रियंकाचं लग्न ठरलं.

प्रियंका माझी एकुलती एक. अंधेरीला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. अंगाने भरलेली, लहानपणापासून. शाळेत तिला काय काय म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही. मुलगा मुलुंडचा, धम्मपाल, बँकेत. बघायला आले तेव्हा त्याची आई चहा पिताना म्हणाली, ‘मुलगी गोड आहे. तब्येत चांगली आहे.’ तब्येत चांगली म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. धम्मपाल बिचारा काही म्हणाला नव्हता, तो तिच्याकडे बघून हसत होता. पण ते गेल्यावर मी त्याचं हसणं विसरले आणि त्याच्या आईचं वाक्य धरून बसले.

आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. पांढरा रंग काही लपवत नाही, उलट वाढवून दाखवतो. सुलक्षणाने आधी तिला चार साड्या नेसवून बघितल्या, कडक सिल्क बाजूला केलं, मऊ, बारीक जरीकाठाची एक निवडली. ब्लाऊजला प्रिन्सेस कट, गळा पुढून व्ही, बाही कोपरापर्यंत. माप घेताना छाती चाळीस, कंबर छत्तीस भरली. प्रियंका म्हणाली, ‘मावशी, सदतीस आणि तेहेतीस लिही. मी करणार म्हणजे करणार.’

‘सदतीस,’ सुलक्षणा म्हणाली आणि लिहिलं. ‘तेहेतीस.’ लिहून तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून काज करत राहिले.

पांढऱ्यात आतली माया बाहेरून सावलीसारखी दिसते, म्हणून सुलक्षणाने दुहेरी अस्तर लावलं. एवढी मेहनत तिने फक्त माझ्या पोरीसाठी घेतली, हेही खरं आहे.

महिन्याने पहिली ट्रायल झाली. तोवर प्रियंकाने भात सोडला होता आणि सकाळी भटवाडीचा चढ दोनदा चढत होती. उतरली असेल इंचभर. ब्लाऊज मात्र छान बसलं. ती आरशात बघत राहिली, मग वही उघडून आपलं पान शोधलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. ‘तेहेतीस,’ म्हणाली. ‘आई, तीन इंच.’ तिच्या लॅबमधल्या काट्यावर वजन फारसं हललं नव्हतं, तर म्हणाली, काटाच बिघडलाय. इतकी ती खुशीत होती की आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

त्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण बंद केलं. आपल्याला जमतंय म्हटल्यावर माणसाला चेव येतो. आधी चपात्या दोनाच्या एक झाल्या, मग डबा तसाच परत यायला लागला. मी डबा उघडायची, भाजी वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती मी खायची. तिचा चेहरा उतरला, केस विंचरताना हातात यायला लागले. शेजारणी म्हणाल्या, ‘प्रियंका काय बारीक झाली गं,’ आणि मला, तिच्या आईला, बरं वाटलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं. मुलुंडवाल्यांची तोंडं बंद होतील, फोटो चांगले येतील, एवढंच डोक्यात.

लग्नाला नऊ दिवस राहिले होते तेव्हा शेवटची ट्रायल. प्रियंका कामावरून थेट दुकानात आली. ब्लाऊज घातलं, साडी मी नेसवली. ब्लाऊज काखेत लोंबत होतं, पाठीवर झोळ पडला होता. ती हसत होती. ‘बघ मावशी, तेहेतीस पण सैल होतंय. घे आत.’

सुलक्षणाने तोंडात टाचण्या धरल्या आणि दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरलं. तीन बोटं भरली. आरशात पोरीच्या गळ्याखालची हाडं वर आली होती. तेवढ्यात प्रियंकाने आरशाच्या चौकटीला हात लावला, मग दोन्ही हात लावले आणि डोळे मिटून उभी राहिली.

‘बस गो बाय, हंय बस,’ सुलक्षणा म्हणाली आणि तिला माझ्या स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. प्रियंका म्हणाली, काही नाही, दुपारी जरा असं होतं, आता सवय झालीय. घाम पुसून पुन्हा उभी राहिली. ‘घे माप.’

सुलक्षणाने टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. टेप घेतली, कंबरेभोवती फिरवली आणि धरून राहिली.

‘किती?’

‘तेहेतीस.’

‘असं कसं?’ प्रियंका म्हणाली. ‘तेहेतीस तर गेल्या महिन्यातच होती. आणि तेहेतीस असेल तर ब्लाऊज सैल कसं होतंय?’

मी देवाधर्माची नाही, पण त्या क्षणी मला वाटलं, काहीतरी घडावं, फोन वाजावा, सीतारामने कुकरच्या शिट्ट्या विचाराव्यात. सुलक्षणाकडे अशा वेळची उत्तरं तयार असतात. कापड सैल पडतं, अस्तर ताणलं, इस्त्रीने फरक पडतो. बावीस वर्षांत तिने ती सगळी वापरली आहेत. ती एक शब्द बोलली असती तर पोरगी आनंदाने घरी गेली असती आणि आणखी नऊ दिवस उपाशी राहिली असती.

‘कारण ब्लाऊज छत्तीसचं आहे,’ सुलक्षणा म्हणाली.

प्रियंकाला कळेना. सुलक्षणाने ब्लाऊजची कड उलटी करून आतली माया दाखवली, वही पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. काहीही न सजवता. ‘सगळ्यांचं असंच करते मी. वहीत खोटा लिवतंय. गेल्या महिन्यात तू पस्तीस होतीस.’

‘म्हणजे तुला वाटलंच नाही मी करीन?’

‘नाही वाटलं. कोणी करत नाही. मला वाटलं, खूश राहशील.’

‘त्या दिवसापासून मी रात्री जेवले नाही, मावशी. मला वाटलं, जमतंय मला.’

सुलक्षणा टेप हाताला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. ‘माझं चुकलं,’ म्हणाली. ‘आता कंटाळा आला गो मला या खोट्याचा. किती पोरींना असं उपाशी मारलं असेन, देव जाणे.’ तिचा आवाज एवढा थकलेला होता की रागावणाऱ्यालाही रागावता येऊ नये. प्रियंका तिच्यावर रागावली नाही. तिने हळूच मागे हात नेला, वरचा हूक चाचपला आणि माझ्याकडे वळली.

‘हूक तू लावलेस, आई. तुला माहीत होतं.’

‘हो,’ मी म्हणाले.

‘डबा पण तूच उघडायचीस.’

‘हो.’

‘दोन महिन्यांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, जेवलीस का म्हणून. मी वाट बघायची. म्हटलं, आज विचारेल. विचारलंस तर जेवीन.’

जी गोष्ट मी शेजारच्या पोरांना विचारते, गिऱ्हाइकांना विचारते, दारात आलेल्या कुरिअरवाल्याला विचारते, ती मी माझ्या पोरीला विचारली नव्हती, आणि विसरले म्हणून नाही. तिने नाही म्हणावं आणि मग मला तिला वाढावं लागावं, हेच मला नको होतं.

‘आता तरी विचार,’ सुलक्षणा मला म्हणाली.

मी विचारलं, ‘जेवलीस का गं?’

‘नाही,’ प्रियंका म्हणाली, आणि त्या पांढऱ्या साडीतच खाली बसून रडायला लागली.